एकच चेनव्हील ठेवलं आणि चेन पडायला लागली

अर्धवट सायकलस्वार (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दोन वर्षं इथे फुकटात वाचतोय, आज धागा काढतोय. अडला हरी... पुढचं म्हणत नाही, मदत तुमचीच हवी आहे.

सायकल हायब्रिड. टायर ७०० गुणिले ३२, मागे आठ चकत्या (११ ते ३४ दाते), पुढे पॅडलपाशी तीन चेनव्हील: ४८, ३८, २८ दात्यांची. रोज वारजे ते पाषाण ऑफिसला जातो. २८ चं चेनव्हील पाच वर्षांत चारदा वापरलं असेल, ४८ चं फक्त उतारावर. म्हटलं मधलं ३८ ठेवू, बाकीची अडगळ काढू. बोल्टवालं होतं, त्यामुळे रविवारी दुपारी तासाभरात काम झालं. डावा शिफ्टर, केबल, एफडी सगळं उतरवलं. (एफडी म्हणजे पुढचा डिरेल्युअर, चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा. घरात "एफडी काढली" म्हणालो तर बायको म्हणाली, "मला न विचारता?") दोन दिवस जमिनीच्या चार बोटं वरून चालवत होतो.

तिसऱ्या दिवसापासून चेन पडायला लागली. तीन आठवड्यांत नऊ वेळा. गतिरोधकावर, खड्ड्यावर, आणि दोनदा तर चांदणी चौकातून खाली येताना. पँटची वाट, हात काळे, ऑफिसात वॉचमन हसतो. पूर्वी तीन चेनव्हील असताना कधी पडली नव्हती. दुकानात विचारलं तर म्हणाले नवीन क्रँकसेट (पॅडलचे हात आणि चेनव्हील), नवीन चेन आणि क्लचवाली आरडी (मागचा डिरेल्युअर) घ्या. ऐकूनच चक्कर आली.

खरंच एवढं लागतं का?

तिरकस तोंड

तीन बायका सोडून एक ठेवली की ती पण पळते, तसं काहीसं.

अर्धवट सायकलस्वार

@तिरकस, घरी हा धागा वाचला जातो हो.

टेकडीफरार

नॅरो-वाइड चेनव्हील घ्या, विषय संपला. वेताळ टेकडीवर दगडांतून चार वर्षं घेऊन फिरतोय, चेन पडलेली दोनदा आठवते.

कारण सांगतो. चेन नीट बघा. एक कडी आतली, एक बाहेरची, अशा आलटून पालटून असतात. आतल्या कडीतली फट अरुंद, बाहेरच्या कडीतली रुंद. साध्या चेनव्हीलचे सगळे दाते आतल्या कडीच्या मापाचे असतात, त्यामुळे बाहेरच्या कडीत दाता ढिला बसतो आणि चेन डावी-उजवी हलते. नॅरो-वाइडमध्ये एक दाता अरुंद, पुढचा रुंद. रुंद दाता बाहेरच्या कडीत बरोब्बर भरतो, चेनला डुलायला जागाच राहत नाही. शिवाय दाते उंच असतात. स्रॅमने २०१२ ला एक्सएक्स१ आणला, पुढे एक आणि मागे अकरा, १० ते ४२. तेव्हापासून डोंगरातल्या सायकलींवरून एफडी जवळजवळ गायबच झाली. त्याआधी पुढे एकच चेनव्हील लावणारे लोक वर-खाली पिंजऱ्यासारखं चेन गाईड बसवायचे.

तुमचं ३८ चं जे आहे ते तीनच्या सेटमधलं मधलं. त्याचे दाते मुद्दाम बुटके आणि तिरपे कापलेले असतात, बाजूला चढ-उताराचे खड्डे असतात. चेन सहज *सुटावी* म्हणूनच ते बनवलेलं असतं. त्याला आता चेन धरून ठेवायला सांगताय.

निवांत नाशिककर

शेवटचं वाक्य आवडलं. +१

गावठी गिअर

एवढं डोकं कशाला. आमच्या वडिलांच्या काळ्या सायकलला आयुष्यभर एकच चेनव्हील होतं, पुढे ४४ दाते, मागे एकच फ्रीव्हील. पोतं लादून साताऱ्याच्या बाजाराला जायचे. चेन ढिली झाली की मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करायचे, चाक खाचेत मागे ओढायचं, उजवा नट आधी, मग डावा, चाक मधोमध आलं का बघून आवळायचं. मधे बोटाने चेन दाबली तर अर्धा इंच वर-खाली व्हायला पाहिजे, बास. जास्त ताणली तर पॅडल जड जातं, कमी ताणली तर पडते. पूर्ण चेन कव्हर होतं त्यामुळे धूळ नाही, चिखल नाही. कव्हरच्या आत चेन पडली की मात्र आईची आठवण यायची. मागचा झाकणाचा तुकडा काढा, काडी घाला, कुत्र्यासारखं बसा.

पान्हावाली

@गावठी गिअर, अगदी. फक्त त्या सायकलीला एक गंमत असायची, आठवतंय का बघा. पॅडल फिरवत गेलं की एका जागी चेन ताठ, अर्धा फेरा पुढे गेलं की लोंबकळलेली. चेनव्हील गोल नसतं किंवा मधोमध बसलेलं नसतं. म्हणून सगळ्यात ताठ जागा शोधून तिथे अर्धा इंच ठेवायचा. पोरं ढिल्या जागी ताणायची आणि मग बीबीचे (क्रँकच्या धुऱ्याचे) छर्रे खायची.

पण धागाकर्त्यांना चाक ओढून ताण देता येणार नाही. गिअरच्या सायकलीत ढिलाई आरडीची स्प्रिंग खाते. त्यामुळे प्रश्न वेगळा आहे.

अर्धवटराव, पैसे खर्च करायच्या आधी मला चार गोष्टी सांगा:
चेन आत पडते (फ्रेमकडे) का बाहेर (पायाकडे)? त्या वेळी मागे मोठी चकती असते का लहान? पॅडल मारताना पडते का पाय थांबवल्यावर? आणि ४८ काढल्यावर चेनमधून कड्या काढल्या का?

अर्धवट सायकलस्वार

@पान्हावाली, बहुतेक वेळा बाहेर. दोनदा आत. मागे लहान चकतीवरच असतो, कारण वेगात असतो. पॅडल मारताना कधीच पडली नाही, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

कड्या? कड्या काढायच्या असतात?

पान्हावाली

अरे देवा.

हिशोब सोपा आहे. चेनव्हीलला चेन अर्धा वेढा घालते. दहा दाते कमी केले म्हणजे पाच दात्यांइतकी, म्हणजे पाच कड्यांची चेन फुकट उरली. कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे अडीच इंच. पाच काढता येत नाहीत कारण आतली-बाहेरची जोडी काढावी लागते. चार काढा. काढायच्या *आधी* खात्री करा: चेन पुढच्या चेनव्हीलवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून घ्या, आरडीमधून *न नेता*, टोकं एकमेकांवर आणा, आणि जिथे जुळतात त्यापुढे दोन कड्या ठेवा. त्याहून आखूड केलीत तर ३४ वर टाकताना आरडी उपटून हातात येईल. मी बघितलंय. माझीच होती.

लांब चेनने नक्की काय होतं? पाय थांबला की चेनवरचा ताण जातो. खड्डा आला की खालची चेन दोरीसारखी झोका घेते, आरडीचा पिंजरा (खालची दोन छोट्या चाकांची पट्टी) पुढे फेकला जातो, क्षणभर चेन मोकळी. ती लाट पुढच्या चेनव्हीलपर्यंत जाते आणि चेन दात्यांवरून उचलली जाते. मागे लहान चकती असेल तर चेन आधीच बाहेरच्या बाजूला तिरकी असते, म्हणून बाहेर पडते. पूर्वी बाहेर ४८ चं चेनव्हील भिंतीसारखं उभं होतं आणि वर एफडीचा पिंजरा. दोन्ही तुम्ही स्वतःच पाडलेत.

प्रा. शंकेखोर

पान्हावालींचं स्पष्टीकरण बरोबर, एक भर. क्लचवाल्या आरडीचं कामही हेच. पिंजऱ्याच्या मुळाशी एकाच दिशेने घर्षण देणारा क्लच असतो, पिंजरा पुढे यायला लागला की तो अडवतो, मागे जाताना मोकळं सोडतो. शिमानोने आधी एक्सटीआरमध्ये आणला, स्रॅमने लगेच मागून. शिमानोत छोटा खटका असतो, चाक काढताना बंद करायचा आणि परत *चालू करायला विसरायचा*. निम्म्या लोकांची "क्लच असूनही चेन पडते" ही तक्रार त्या खटक्यापाशी संपते.

अवांतर: तीन चेनव्हील असताना तुमच्याकडे सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड गिअरमध्ये सुमारे ५.३ पटीचा फरक होता. आता ३.१. सिंहगड चढणार असाल तर कळवा, फोटो काढायला येतो.

टेकडीफरार

आठ-स्पीडमध्ये (मागे आठ चकत्या) क्लचवाली आरडी शोधण्यात आयुष्य जाईल. म्हणून म्हणतो, नॅरो-वाइड. १०४ बीसीडीचे (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, एमएममध्ये) चार बोल्ट असतील तर ३२ पासून ४२ पर्यंत मिळतात. सम संख्येचेच मिळतात. का ते ओळखा.

गावठी गिअर

अरुंद-रुंद-अरुंद-रुंद... विषम असलं तर एका जागी दोन रुंद शेजारी येतील. हायला.

अर्धवट सायकलस्वार

मंडळी, शनिवार सत्कारणी लावला. चार कड्या काढल्या. (चेन तोडायचं हत्यार शेजारच्या काकांकडे निघालं. त्यांनी सोबत चहा आणि १९८० च्या दशकातल्या पुणे-महाबळेश्वरच्या गोष्टी पण दिल्या.)

आणि एक सापडलं. चेनव्हील हाताने धरून हलवलं तर ते *हलतं*. बोल्ट पूर्ण आवळलेत, तरी किंचित टकटक करतं. बोल्ट आवळताना पान्हा घसरला, बोटाचं साल निघालं, ते वेगळं.

पान्हावाली

सापडला एक चोर. बोल्ट आणि त्यामागची नळीसारखी नट आधी दोन चेनव्हीलांची जाडी धरून ठेवायला होती, ४८ आणि ३८. आता ४८ गेलं. बोल्टचं डोकं नळीच्या तोंडालाच टेकतं, बोल्ट आवळला जातो पण मधे काहीच दाबलं जात नाही. तुम्हाला वाटतं घट्ट झालं. एका चेनव्हीलसाठी आखूड बोल्ट वेगळे मिळतात. किंवा...

किंवा ४८ च्या जागी बॅशगार्ड बसवा. बिनदात्याचं कडं असतं, ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं. जुनेच बोल्ट चालतील, जाडी भरून निघेल, आणि बाहेर परत भिंत उभी राहील. पँटही वाचेल. एका दगडात दोन.

निवांत नाशिककर

आणि आतल्या बाजूला? माझा जुगाड सांगतो, हसू नका. एफडी टाकून देऊ नका. केबल न लावता परत बसवा आणि तिचे दोन मर्यादा-स्क्रू दोन्ही बाजूंनी आवळून पिंजरा बरोब्बर ३८ च्या वर अडकवून ठेवा. चेन ना आत जाणार ना बाहेर. मी एक दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलफेरी) अशी केली, पावसात, कसारा घाटातून. चेन एकदाही पडली नाही, फक्त सतत खसखस आवाज. साडेतेरा तासांत बसलो म्हणजे झालं.

तिरकस तोंड

मग काढली कशासाठी? म्हणजे एफडी मोडली, दंड भरला आणि परत तीच केली.

प्रा. शंकेखोर

हसण्यासारखं काही नाही, जुगाड जुना आणि प्रमाणित आहे. पण निवांत, खसखस येत असेल तर पिंजरा मधे नाही. चेन सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकून दोन्ही बाजूंना कागद सरकेल इतकी तरी जागा हवी.

युट्रेख्टी

इकडे नेदरलँड्समध्ये निम्म्या शहरी सायकली म्हणजे गावठी गिअर यांच्या वडिलांची काळी सायकलच. एक चेनव्हील, मागे एक चकती, पूर्ण बंद चेन कव्हर. गिअर असले तर मागच्या हबच्या पोटात. चेन सरळ रेषेत धावते, आत पाऊस जात नाही. वर्षानुवर्षं लोक चेनकडे बघत नाहीत. पंक्चर झालं की मात्र मागचं चाक काढताना डच लोकही देवाचं नाव घेतात.

गावठी गिअर

@युट्रेख्टी, तिकडेही काडी घालतात का?

युट्रेख्टी

आइस्क्रीमची.

अर्धवट सायकलस्वार

ताजा खबर. प्लास्टिकचा बॅशगार्ड बसवला, चेनव्हील आता गच्च. तीन दिवस चेन पडली नाही. चौथ्या दिवशी, पाषाणच्या उतारावर, *गुळगुळीत डांबर, खड्डा नाही, गतिरोधक नाही*, चाळिसाच्या वेगात होतो, पाय थांबवले आणि खट्. बॅशगार्ड आणि चेनव्हीलच्या मधे जाऊन अडकली. चेन ओढून काढेपर्यंत घाम निघाला. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, गाडी घ्या आता."

मी ३८ वर्षांचा आहे. काका?

टेकडीफरार

तुमचं वय आणि चेनव्हील एकच निघालं. 😄

नॅरो-वाइड घ्या हो.

पान्हावाली

थांबा, घेऊ नका. आता मजा आली.

खड्डा नसताना, गुळगुळीत रस्त्यावर, वेगात, पाय थांबवल्याक्षणी. हे चेनव्हीलचं दुखणं दिसत नाही. सायकल उलटी करा. मागचं चाक हाताने जोरात *पुढच्या* दिशेने फिरवा आणि चेनकडे बघा. पॅडल आपोआप फिरतात का? पॅडल एका हाताने धरून ठेवले तर एक बाजू लोंबते का? उलट्या सायकलीत ती खाली दिसेल, सुलट्यात वरची.

अर्धवट सायकलस्वार

केलं. व्हिडिओ काढलाय पण इथे टाकता येईना. पॅडल फिरतात. जोरात फिरतात. धरून ठेवले तर जी बाजू तुम्ही म्हणालात ती झोळीसारखी लोंबली! भूत आहे का काय?

पान्हावाली

भूत फ्रीहबात आहे.

फ्रीहब म्हणजे मागच्या चाकाच्या मधला, चकत्या बसवलेला डबा. पाय थांबले की मागचं चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि चकत्या जागच्या जागी उभ्या राहिल्या पाहिजेत. टकटक आवाज येतो तो त्याचाच, आतले खटके दात्यांवरून सरकतात. तुमचा फ्रीहब आत जड झालाय. चाक चकत्यांना सोबत ओढून नेतंय. चकत्या पुढे फिरल्या की त्यांच्यावरची चेन पुढे ढकलली जाते, पॅडल मात्र तुम्ही थांबवलेत. मग वरची चेन जाणार कुठे? लोंबते, आणि पहिल्या संधीला दात्यांवरून खाली. खाली आरडी ताण धरून बसली तरी वर तिचं काही चालत नाही. क्लचसुद्धा इथे खरा इलाज नाही.

आता विचारते. सायकल कशी धुता?

अर्धवट सायकलस्वार

...मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरला. पावसाळ्यात दर रविवारी. प्रेशरने. पन्नास रुपयांत चकाचक करून देतो.

पान्हावाली

मी गप्प बसते.

तिरकस तोंड

ही गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर.

प्रा. शंकेखोर

पण पान्हावाली, एक शंका (नाव सार्थ करतो). फ्रीहब एका रविवारात जड होत नाही. मग तीन चेनव्हील असताना पाच वर्षं का नाही पडली? सगळं दुखणं ३८ वर आल्यावरच कसं?

पान्हावाली

याचीच वाट बघत होते.

भिंती होत्या, एफडी होती, ते एक. पण खरं कारण वेग. मिनिटाला ८० पॅडल धरा. ३२ च्या टायरवर ४८-११ ला साधारण ४५ चा वेग येतो. ३८-११ ला ३६ पण नाही. अर्धवटराव पूर्वी पाषाणच्या उतारावर ४८ वर पाय मारतच उतरायचे, चेन ताणलेली. आता ३८ वर पस्तिशीतच पाय हवेत फिरायला लागतात, म्हणून ते पाय थांबवतात. म्हणजे चाकाचा वेग सगळ्यात जास्त आणि पाय बंद, हा प्रसंग यांच्या आयुष्यात *एक चेनव्हील केल्यावरच* आला. फ्रीहब आधीपासून आजारी होता. त्याची नाडी बघायची वेळ आली नव्हती, इतकंच.

अर्धवट सायकलस्वार

हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. अगदी असंच आहे. पूर्वी त्या उतारावर पाय मारायचो, आता नुसता बसून येतो.

निवांत नाशिककर

दंडवत घ्या ताई.

टेकडीफरार

मान्य. पण तरी नॅरो-वाइड...

प्रा. शंकेखोर

हो, टेकडीफरार, घेतील. दिवाळीत.

अर्धवट सायकलस्वार

हब उघडला. म्हणजे मी नाही, काकांनी. (चहा, आणि या वेळी खंबाटकी.) कॅसेट (चकत्यांचा संच) काढली, धुरा काढला, आतून दहा नंबरच्या ॲलन कीने फ्रीहबचा डबा बाहेर. कडेच्या रबरी सीलपाशी पिवळट, लोण्यासारखी चिकट ग्रीस आणि त्यात बारीक वाळू मळलेली. पाण्याने दुधी झालेली. बोटांत चोळली तर कचकच लागली. डबा हाताने फिरवला तर टकटक ऐकूच येईना, नुसता घुर्र.

दोन वर्षांपूर्वी एका दुकानात सर्व्हिसिंग दिली होती, तेव्हा "आवाज बंद करून देतो" म्हणत त्यांनी आत ग्रीस भरली होती. मी खूश झालो होतो, सायकल चिडीचूप चालते म्हणून.

पान्हावाली

खटक्यांच्या जागी घट्ट ग्रीस भरायची नसते. थंडीत ती अजून आवळते आणि मग खटके उठतच नाहीत, पॅडल मोकळं फिरतं आणि माणूस तोंडावर पडतो. उलटा अपघात. तिथे पातळ तेल, नाहीतर त्यासाठी बनवलेली पातळ ग्रीस. ग्रीस धुऱ्याच्या छर्ऱ्यांना, तिथे हवी तेवढी.

डबा रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, हाताने उलटा फिरवत राहा, घाण निघत राहील. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालेल. पूर्ण वाळू द्या, मग पातळ तेलाचे काही थेंब मागच्या फटीतून, फिरवत फिरवत. टकटक ऐकू आली की झालं. तरी घुर्र करत असेल तर आतल्या छर्ऱ्यांची धाव गेली, नवीन डबा घ्या, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

बसवताना कोन (धुऱ्यावरचे, छर्रे दाबणारे नट) फार आवळू नका. ते घट्ट झाले की चाक जड फिरतं.

गावठी गिअर

आमच्याकडे फ्रीव्हील बादलीभर रॉकेलमध्ये रात्रभर ठेवायचे. सकाळी वाजायला लागलं की वडील म्हणायचे, "बोलायला लागली."

रानवारा

नवीन सदस्य. वाचतेय, खूप शिकायला मिळालं. एक बाळबोध प्रश्न, रस्त्यात चेन पडली तर हात काळे न करता कशी चढवायची? ऑफिसला कुर्ता घालून जाते.

टेकडीफरार

@रानवारा, स्वागत. आरडीचा पिंजरा, खालची ती दोन छोटी चाकं असलेली पट्टी, बोटाने पुढे ढकला. चेन मोकळी होते. ती मोकळी चेन चेनव्हीलच्या वरच्या दात्यांवर पुढच्या बाजूने अडकवा, चार दाते पुरेत, मग मागचं चाक उचलून पॅडल पुढे फिरवा, बाकीची आपसूक चढते. आत पडली असेल आणि फ्रेममध्ये अडकली असेल तर ओढू नका, पॅडल उलटं फिरवून सोडवा. सीटखाली एक रबरी हातमोजा ठेवा. नसेल तर सागाचं पान. पावसाळ्यात पुण्याच्या आसपास तुटवडा नाही.

पान्हावाली

आणि चेन बाहेर काढलीच आहे तर मोजून घ्या. चोवीस कड्या म्हणजे बारा इंच, ३०४.८ एमएम. लोखंडी पट्टी लावा, एका पिनेच्या मधोमधपासून चोविसाव्या कडीच्या पिनेपर्यंत. आठ-स्पीडला ३०७ झाली की चेन बदला. अकरा-बारा स्पीडला ३०६ ओलांडली की बदला. ताणलेली चेन चेनव्हीलचे दाते खाते आणि मग नवीन चेनसुद्धा त्या झिजलेल्या दात्यांवर बसत नाही. नॅरो-वाइडवाल्यांनी तर जास्तच लक्ष द्यावं, रुंद दाते झिजले की त्याचं साधं चेनव्हील होतं, फक्त महाग.

टेकडीफरार

हा टोमणा माझ्याकडे होता, पोचला.

पण खरं आहे. आणि एक, नॅरो-वाइडवर चेन धुऊन परत घालताना एक कडी चुकली तर बाहेरची कडी अरुंद दात्यावर आणि आतली रुंदवर येते. चेन दात्यांच्या डोक्यावर चालते, पहिल्याच फेरीत कळायला हवं. मला दहा किलोमीटरनंतर कळलं.

अर्धवट सायकलस्वार

आज सकाळी पाषाणला उतरलो. बेचाळीसपर्यंत गेला वेग. पाय थांबवले. मागून टकटकटकटक, अशी मोठ्याने की पुढचा स्कूटरवाला वळून बघायला लागला. चेन जागची हलली नाही. मुद्दाम दोन गतिरोधकांवरून पाय न मारता घेतली, तरी नाही.

एकूण खर्च: बॅशगार्ड, अर्धा लिटर डिझेल, आणि काकांसाठी चितळ्यांची बाकरवडी. पट्टीने चेन मोजली, ३०६.

एकच प्रश्न उरलाय. ऑफिसमधले लोक म्हणतायत की सायकल फार आवाज करते, दुकानात दाखव.